बाबांचं सोडियम १२४ वर गेलं होतं. आता रोज ओआरएस द्यावं का?

बेसारोडकर

नमस्कार मंडळी. थोडं लांबलं तरी पूर्ण वाचा, कारण घरात सध्या जितकी माणसं तितके सल्ले चालू आहेत.

बाबा ७२ वर्षांचे. बीपी जुना, शुगर नाही. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी रोज सकाळी. यंदा नागपुरात ऊन कसं तापलं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. नवतपा लागायच्या आधीच कूलर गरम हवा फेकून राहिला होता. बाबांना ऊन लागू नये म्हणून आम्हीच मागे लागलो, पाणी प्या, पाणी प्या. तेही ऐकणारे, तांब्या उशाशीच घेऊन बसायचे. जेवण मात्र सुटलं. दुपारी मऊ भात नाहीतर पेज, बीपीमुळे मीठ आधीच कमी, आणि रात्री चहा-टोस्ट.

मग एका सकाळी ते मला काकांच्या नावाने हाक मारू लागले. बाथरूमकडे जाताना तोल गेला. आम्हाला वाटलं लकवा मारला. भरती केलं. डोक्याचा सीटी स्कॅन साफ आला, रक्तात सोडियम १२४ निघालं. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, पाण्यावर बंधन आणलं आणि आकडा अगदी हळूहळू वर आणला. १३२ वर सुट्टी दिली. आता डोकं ताळ्यावर आहे, पेपर वाचतात, भांडतात.

हॉस्पिटलमध्ये गर्दी इतकी की कोणाला नीट विचारता आलं नाही. इतकं पाणी पिऊन क्षार कमी कसे झाले? मीठच कमी पडलं होतं तर एका दिवसात भरून का नाही काढलं? शेजारचे काका म्हणतात रोज एक ओआरएसचं पाकीट द्या. आत्या म्हणते सैंधव सुरू करा. मेडिकल स्टोअरवाला रंगीत टेट्रा पॅक हातात देतो. आणि माझं काम फिरतीचं, हिंगणा एमआयडीसी ते कळमना दिवसभर बाइकवर. मीही रोज काही घ्यावं का?

शहाळेवाला_दिघोरी

भाऊ, रोज दोन शहाळी द्या बाबांना. आमच्या घरी उन्हाळाभर हेच चालतं, निसर्गाचं सलाइन आहे ते. पावडरी-बिवडरींच्या मागे लागू नका.

निवृत्त_लॅबवाली

बेसारोडकर, बाबा घरी येऊन भांडताहेत हे वाचून बरं वाटलं. मी डॉक्टर नाही. इथल्याच एका सरकारी रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये माझी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. औषध कोणतं द्यायचं ते मी सांगणार नाही. पण १२४ म्हणजे काय हे सांगू शकते, कारण असे आकडे मशीनमधून निघताना पाहिले आहेत आणि वॉर्डात फोन लावून सिस्टरला कळवले आहेत. मे महिन्यात ते फोन हमखास वाढायचे.

एक गोष्ट आधी पक्की करा. रिपोर्टवरचं सोडियम म्हणजे शरीरात एकूण मीठ किती आहे ते नव्हे. एका लिटरमागे किती सोडियम आहे, एवढंच तो आकडा सांगतो. नॉर्मल १३५ ते १४५. मीठ तेवढंच राहिलं आणि पाणी वाढलं, तरी आकडा खाली येतो. म्हणून १२४ पाहिल्याबरोबर ‘मीठ कमी पडलं, मीठ घाला’ असं म्हणता येत नाही. पाणी जास्त झालं की मीठ निघून गेलं, हे आधी शोधावं लागतं. डॉक्टर रक्तासोबत लघवीतलं सोडियम तपासायला लावतात ते त्यासाठीच.

तुमच्या घरी काय झालं असावं ते तुम्हीच लिहून ठेवलंय. क्लोरथॅलिडोन ही लघवीची गोळी. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांमध्ये सोडियम परत ओढून घेणारी एक वाट ती बंद करते, म्हणून मीठ लघवीतून जातं आणि बीपी उतरतं. गोळी चांगली आहे, हजारो लोकांना मानवते. पण लघवी पातळ करायलाही मूत्रपिंडाला तीच वाट लागते. ती बंद असताना पाणी ढोसलं तर जास्तीचं पाणी बाहेर काढणं त्याला जड जातं. त्यात वय सत्तरीच्या पुढचं.

आणि जेवण. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. मूत्रपिंडाला कोरं पाणी बाहेर टाकता येत नाही. प्रत्येक लिटर लघवीबरोबर थोडे क्षार आणि थोडा युरिया जावाच लागतो. युरिया तयार होतो प्रथिनांपासून, म्हणजे वरणातून, दुधातून, अंड्यातून. पेज आणि चहा-टोस्टवर राहिलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाकडे पाण्याबरोबर पाठवायला काही उरतच नाही. मग तांब्यामागून तांब्या आलेलं पाणी अंगात राहतं, रक्त पातळ होतं आणि रक्तातलं पाणी पेशींमध्ये शिरतं. हातापायाच्या पेशी थोड्या फुगल्या तरी कळत नाही. मेंदूभोवती मात्र कवटी आहे, तिथे फुगायला जागा नाही. म्हणून सोडियम उतरल्याची पहिली खूण वागण्यात दिसते. माणूस नावं चुकतो, गुंगीत राहतो, तोल जातो, मळमळतं. आणखी खाली गेलं तर झटके येतात. घरातलं वयस्कर माणूस अचानक असं वागू लागलं तर लकव्याची शंका घ्यायचीच, पण सोबत शुगर आणि सोडियमही त्याच तासाला बघून घ्यायला सांगा.

आता एका दिवसात का नाही भरून काढलं. सोडियम हळूहळू उतरलं की एक-दोन दिवसांत मेंदू स्वतःला सावरतो, आपल्या पेशींतले काही क्षार आणि इतर द्रव्यं बाहेर टाकून सूज कमी करतो. अशा सावरलेल्या मेंदूभोवती सोडियम एकदम चढवलं तर त्याच्यातलं पाणी झपाट्याने ओढलं जातं आणि मज्जातंतूंवरचं आवरण उखडतं, विशेषतः मेंदूच्या देठापाशी. मग बोलणं, गिळणं, हातपाय हलवणं जाऊ शकतं, आणि हे आकडा सुधारल्यानंतर काही दिवसांनी दिसतं. म्हणून २४ तासांत ८ ते १० च्या वर चढवायचं नाही, असा दंडक आहे. अशा पेशंटचं सॅम्पल आमच्याकडे दिवसातून अनेकदा यायचं, रात्रीही. निवासी डॉक्टर स्वतः लॅबच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि आकडा जास्त वेगाने चढलेला दिसला की त्यांचा चेहरा उतरायचा. तुमच्या डॉक्टरांनी वेळ घेतला, ते अगदी योग्य केलं.

रोजच्या ओआरएसचं. ओआरएसबद्दल मला अतिशय आदर आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावण्यांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बोनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाइन संपत आलं. त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवलं आणि पेशंटच्या नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या आत आलं. हे चालतं कशामुळे, तर आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज या दोघांना हात धरून आत नेणारी एक व्यवस्था असते. जुलाबाने आतडं कितीही बेजार असलं तरी ती बहुधा शाबूत राहते, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी आत येतं. म्हणून त्यात साखर चवीपुरती नसते. ती काढली तर औषधच निकामी.

पण ते बनवलंय जुलाब-उलट्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. सायट्रेटमधलं धरून सोडियम होतं ७५ एकक, म्हणजे साध्या मिठाच्या भाषेत जवळजवळ ४.४ ग्रॅम. आणि तीच संघटना मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं म्हणते. बीपीच्या माणसाला जुलाब नसताना रोज लिटरभर ओआरएस पाजलं तर दिवसभराचं मीठ त्यातच संपलं. दुसरी बाजूही बघा. ओआरएसमध्ये सोडियम ७५ आणि रक्तात हवं १३५ च्या वर. ज्याच्या अंगात पाणीच अडकून राहिलंय, त्याचा आकडा हे पिऊन सुधारेल असं धरून चालू नका. बाबांना ते द्यायचं की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावं, शेजारच्या काकांनी नाही.

टेट्रा पॅकचं मात्र ठणकावून सांगते. त्यांतल्या बऱ्याच पेयांत साखर भरपूर आणि सोडियम अगदी कमी असतं. जुलाब लागलेल्या लेकराला असं गोड पाणी पाजलं तर जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, आदेश काढला की सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात ‘ओआरएस’ वापरायचं नाही. त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचा अनेक वर्षांचा लढा होता. दुकानात जुना माल असेल तर पाकिटावरचं सूत्र वाचून घ्या.

सैंधवही बहुतांश सोडियम क्लोराइडच. बीपीला ते साध्या मिठाइतकंच लागू होतं, आणि बहुतेक वेळा त्यात आयोडीन घातलेलं नसतं.

शहाळ्याचं माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत, दिघोरीवाले दादा. पण शहाळ्यात भरपूर आहे ते पोटॅशियम. सोडियम तुलनेने कमी. उन्हात फिरून आलेल्या धडधाकट माणसाला उत्तम. ज्याचं सोडियम खाली गेलंय त्याला त्याचा फार उपयोग नाही. आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या अंगात पोटॅशियम आधीच थोडं साचतं, त्याला रोज दोन शहाळी विचारल्याशिवाय देऊ नयेत.

तुमचं स्वतःचं, बेसारोडकर. घामात सोडियम रक्तापेक्षा कमी असतं, माणसागणिक लिटरला २० ते ८० एकक. दिवसभर उन्हात बाइकवर असाल आणि पोटभर जेवत असाल तर जेवणातलं मीठ बहुतेक भरपाई करतं. डब्यात वरण-भाजी, दुपारी मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं, घरी ज्वारीची आंबील, आणि तहानेप्रमाणे पाणी. रोजच्या पावडरीची गरज नाही. जेवण चुकवून नुसत्या प्याऊच्या पाण्यावर दिवस काढू नका, एवढं सांभाळा.

सायकल_अंबाझरी

काकू, इतकं सविस्तर कोणी सांगत नाही हो. आमचा पहाटेचा सायकलिंगचा ग्रुप आहे, अंबाझरी–वाडी–कोंढाळी. सगळे बाटलीत इलेक्ट्रोलाइटची गोळी टाकून पितात. एक जण तर म्हणतो, तहान लागायच्या आधीच प्यायचं, लागली म्हणजे उशीर झाला. बरोबर आहे का? आणि मला रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, ते मॅग्नेशियम कमी असल्यामुळे का?

गोधनीची_लेक

मलाही विचारायचं आहे. आईला किडनीचा त्रास आहे, क्रिएटिनिन २.८. घरी येऊन रक्त नेलं त्यात पोटॅशियम ५.९ आलं. आम्ही घाबरलो, संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये नेलं तर ४.७. खरं कोणतं? एका लॅबने चुकवलं का? आणि बीपीसाठी आम्ही तिला ‘कमी सोडियमचं मीठ’ आणलंय, ते तर चांगलंच ना?

निवृत्त_लॅबवाली

गोधनीची लेक, तुमचं आधी, कारण ते तातडीचं आहे. ते कमी सोडियमचं मीठ आजच बंद करा आणि नेफ्रॉलॉजिस्टना कळवा. त्यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ज्यांची मूत्रपिंडं नीट चालतात त्यांना ते बीपीसाठी चांगलं. तुमच्या आईची मूत्रपिंडं ते पोटॅशियम नीट बाहेर टाकू शकत नाहीत. पाकिटामागे बारीक अक्षरात सूचना असते, वाचून बघा.

आता ५.९ खरं की ४.७. पोटॅशियमचं सॅम्पल आमच्या लॅबमधलं सगळ्यात नाजूक सॅम्पल. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तरसात ३.५ ते ५ आणि पेशीच्या आत १४० च्या घरात. हा फरक टिकवायला प्रत्येक पेशीच्या पडद्यावर पंप बसलेले आहेत, एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी तो शोधला, आणि त्याबद्दल १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपण झोपलो तरी हे पंप चालू असतात, आपल्या ऊर्जेचा मोठा वाटा तेच खातात. मज्जातंतूतून संदेश जातो, स्नायू आखडतो, हृदयाचा ठोका पडतो, ते सगळं या आत-बाहेरच्या फरकावर.

म्हणून रक्त काढताना पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि आकडा खोटाच वर जातो. हाताला पट्टा आवळून बराच वेळ ठेवला, ‘मूठ उघडा, बंद करा, उघडा, बंद करा’ केलं, तरी वाढतो. बारीक सुईने जोर लावून ओढलं, रक्त ट्यूबमध्ये पिचकारीसारखं मारलं, तर पेशी फुटतात. तसं सॅम्पल मशीनमध्ये गरगर फिरवून पेशी खाली बसवल्यावर वरचा रस फिका पिवळा न दिसता गुलाबी-लालसर दिसतो. तो रंग दिसला की मी पोटॅशियम लावायचेच नाही, परत सॅम्पल मागवायचे. पण सगळ्याच गोष्टी डोळ्याला दिसत नाहीत. न फिरवलेलं रक्त रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर थंडीने पंप मंदावतात आणि पोटॅशियम हळूच बाहेर झिरपतं. रस मात्र स्वच्छ पिवळाच राहतो. आणि एक प्रकार नव्या मुलांच्या हातून घडतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये गोठू न देणारं औषध असतं आणि त्यातच पोटॅशियम असतं. दुसऱ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून त्यातलं थोडं ओतलं, की पोटॅशियम आकाशाला आणि कॅल्शियम पाताळात. दोन्ही आकडे एकत्र असे आले की आम्हाला लॅबमध्ये बसल्या बसल्या कळायचं वॉर्डात काय झालं ते.

घरी येऊन नेलेलं रक्त आणखी चार घरं फिरून लॅबला पोहोचलं असेल तर फरक पडू शकतो. बहुधा ४.७ खरं. तरी सांगते, किडनीच्या पेशंटचं ५.९ कधीही ‘लॅबची चूक’ म्हणून सोडायचं नाही. तुम्ही त्याच दिवशी पुन्हा तपासलंत, हेच बरोबर. सोबत ईसीजी काढला तर आणखी चांगलं, कारण ६.५ च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडायची भीती असते आणि तोपर्यंत पेशंटला काहीच जाणवलेलं नसतं. भाज्यांबद्दल आहारतज्ज्ञांना विचारा. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायचं, असं ते सांगतील. संत्री, शहाळं, टोमॅटोचं सार हे सगळं मोजून.

सायकलवाले, तुमच्या ग्रुपमधल्या त्या मित्राला हे वाचायला द्या. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं. १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा त्याहून खाली होतं, आणि काही जण १२० किंवा त्याच्याही खाली. मुख्य कारण पाणी कमी पडणं नव्हतं, पळता पळता वजन वाढेल इतकं पाणी पिणं होतं. तहान ही निरोगी माणसात फार चोख यंत्रणा आहे. वयस्करांची तहान मंदावते, त्यांना आठवण करून द्यावी लागते, पण तीही बेताने. तुम्ही तासा-दीड तासाची फेरी मारून घरी येऊन पोहे खाणार, तुम्हाला गोळीची गरज नाही. मे महिन्यात कोंढाळीपर्यंत जाऊन ऊन चढल्यावर परतत असाल तर मिठाचं काही बाटलीत असू द्या, लिंबू-साखर-मीठ चालेल.

रात्रीचे गोळे बहुतेकांना क्षारांमुळे येत नाहीत. झोपण्याआधी पोटऱ्या ताणून बघा. मॅग्नेशियमच्या औषधी गोळ्यांनी अशा पेटक्यांत फारसा फरक पडलेला दिसत नाही. मात्र ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं रोज सकाळी घेत असाल तर एकदा मॅग्नेशियम तपासून घ्या, त्या गोळ्यांनी ते उतरू शकतं. आणि मॅग्नेशियम उतरलं की पोटॅशियम कितीही भरा, टिकत नाही. वॉर्डातून कधी कधी फोन यायचा, पोटॅशियम देऊन राहिलोय, चढतच नाही. मी म्हणायचे, सॅम्पल आहे माझ्याकडे, मॅग्नेशियम लावू का?

आमच्या सुरुवातीच्या काळात फ्लेम फोटोमीटर होतं. रक्तरस पातळ करून बारीक फवाऱ्याने गॅसच्या ज्योतीत सोडायचा. सोडियम असलं की निळी ज्योत झर्रकन पिवळी व्हायची. पोटॅशियमचा रंग फिका जांभळा, तो त्या पिवळ्यात डोळ्याला दिसायचाच नाही, फिल्टर लावून मोजावा लागायचा. घरी वरण उतू गेलं की बर्नर पिवळा होतो ना, तेच सोडियम. पुढे इलेक्ट्रोडवाली मशीन आली, काम मिनिटांत होऊ लागलं. पण त्या ज्योतीसमोर शिकले म्हणून या आकड्यांवर माझा जीव आहे.

शहाळेवाला_दिघोरी

ताई, हे माहीत नव्हतं. माझ्याकडे डायलिसिसच्या लोकांचे नातेवाईकही शहाळं न्यायला येतात. आता विचारून देत जाईन.

निवृत्त_लॅबवाली

दादा, हे तुम्ही केलंत तर फार मोठं काम होईल. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, ‘डॉक्टरांना विचारलंय ना?’

बेसारोडकर

काकू, तुमचं सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनीही ऐकलं. काल फॉलोअपला गेलो. डॉक्टरांनी लघवीची गोळी कायमची बंद केली, तिच्याऐवजी दुसरी बीपीची गोळी दिली आहे. पाणी सगळं मिळून दीड लिटर, आणि दोन्ही वेळा वरण, एक अंडं, नेहमीचं मीठ. ओआरएस फक्त जुलाब झाले तर. आठवड्याने सोडियम पुन्हा करायचं आहे. रक्त देताना काय काळजी घेऊ? आणि ओआरएस घरात ठेवलं तर कालवायचं कसं, पाकीट मोठं आहे.

निवृत्त_लॅबवाली

अंडं सांगितलं हे फार छान झालं.

पाकीट मोठं असेल तर अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. ग्लासात थोडं थोडं टाकून अंदाजाने करू नका. दाट झालं तर घातक, लहान मुलांना तर जास्तच. कालवलेलं २४ तासांनी ओतून द्या. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्याला साखर सपाट सहा चहाचे चमचे आणि मीठ सपाट अर्धा चमचा.

रक्त द्यायला शक्यतो त्याच लॅबमध्ये जा म्हणजे आकडे ताडून बघता येतील, आणि बाबांना घेऊन स्वतः जा, घरी बोलावू नका. सकाळी लवकर जा. दंडाला पट्टा बांधल्यावर मूठ आवळू देऊ नका. सलाइन लावलेल्या हातातून तर कधीच रक्त काढू देऊ नका. आता ते नाही, पण पुढे कधी भरती झाले तर लक्षात असू द्या. सोडियमसोबत पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि शुगरही लावायला सांगा. शुगर नाही म्हणालात, तरी लावा, कारण शुगर खूप वाढली असेल तर ती पेशींतलं पाणी रक्तात ओढते आणि सोडियम खाली दिसतं. शंभर शुगरमागे दीड ते अडीच इतका फरक पडतो.

मध्येच पुन्हा नाव चुकले, झोपाळल्यासारखे वाटले, तर आठवडा पूर्ण व्हायची वाट पाहू नका. थेट भरती जिथे केलं होतं तिथे न्या आणि दारातच सांगा की मागे १२४ होतं. जुन्या गोळीचं पाकीटही सोबत ठेवा. रिपोर्ट आला की चारही आकडे इथे टाका, मी बघते.